कॅथलिक शाळेत पहिली ते चौथीच्या मुलांना स्पॅनिश शिकवायचे आहे : कोणत्या भाषेच्या आधाराने शिकवावे?

शहापूरच्या_बाई (प्रश्न)

मी बेळगावातील एका कॅथलिक शाळेच्या इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक विभागात गेली चौदा वर्षे शिकवीत आहे. आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर त्यांच्या संघाच्या कामानिमित्त काही वर्षे पेरू देशात राहून आल्या आहेत आणि यंदाच्या जूनपासून पहिली ते चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास स्पॅनिश शिकवावे, असे त्यांनी ठरवले. पुण्यात असताना मी दोन वर्षे शनिवार-रविवारच्या वर्गांना जाऊन स्पॅनिश शिकले होते. तेवढ्या भांडवलावर हे काम माझ्याकडे आले. (पेरू नावाचा देशही असतो, हे पहिलीच्या मुलांना पटवून देण्यातच माझा पहिला तास गेला.)

तिसरीच्या वर्गात अडतीस मुले आहेत. निम्म्याहून अधिक मुले घरी मराठी बोलतात, त्याखालोखाल कन्नड, काही कोकणी, आणि पाच-सहा मुलांच्या घरी उर्दू आहे. शाळेत इंग्रजी माध्यम आहे, कन्नड कायद्याने सक्तीचे आहे, पुढे हिंदी येते. इतक्या भाषांच्या गर्दीत आणखी एक भाषा आणून बसवताना मला संकोच वाटतो, हे आधीच कबूल करते. परंतु शिकवायचे ठरलेच आहे, तेव्हा ते नीट शिकवावे, एवढीच माझी इच्छा आहे.

अडचण अशी आहे की, मला मिळालेले पुस्तक इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या मुलांसाठी लिहिलेले आहे. त्यात 'मे गुस्ता' ही वाक्यरचना समजावण्यासाठी अर्धे पान खर्ची घातले आहे: इंग्रजीत आवडून घेणारा माणूस कर्ता असतो, स्पॅनिशमध्ये मात्र आवडणारी वस्तू कर्ता होते, म्हणून वाक्य मनात उलटे करून पाहा, वगैरे. मी ते सगळे इंग्रजीतून प्रामाणिकपणे समजावले आणि वर्ग चिडीचूप झाला. थोड्या वेळाने मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, "मिस, म्हणजे 'मला आंबा आवडतो', असंच ना?" मी फळ्यापाशी उभी राहून क्षणभर विचार केला आणि माझ्या लक्षात आले की, ते अर्धे पान माझ्या वर्गाला लागूच नव्हते.

त्या दिवसापासून माझ्या मनात हा प्रश्न घोळत आहे की, स्पॅनिश इंग्रजीतून शिकवण्याऐवजी मराठीचा आधार घेऊन शिकवली तर ते कितपत योग्य ठरेल, विशेषतः वर्गातील सर्व मुलांची मातृभाषा मराठी नसताना. शब्द फळ्यावर देवनागरीत लिहावेत की थेट रोमन लिपीत? शिवाय नाताळच्या कार्यक्रमात मुलांनी प्रभूची प्रार्थना स्पॅनिशमध्ये म्हणावी, अशी सिस्टरांची इच्छा आहे. आमच्या शाळेतील बहुसंख्य मुले ख्रिस्ती नाहीत, त्यामुळे त्याबाबतही मी थोडी साशंक आहे. ज्यांना लहान मुलांना भाषा शिकवण्याचा अनुभव आहे, त्यांनी मार्गदर्शन करावे.

चोर्ला_मार्गे

बाई, त्या मुलीने तुमचे पुस्तक मिटले आहे. ते आता पुन्हा उघडू नका.

मी मूळचा बेळगावचा, सध्या पुण्यात लहान मुलांना स्पॅनिश शिकवतो. पहिली तीन वर्षे मीही इंग्रजीचा वळसा घालून शिकवत होतो, कारण मला स्वतःला तसेच शिकवले गेले होते. घरून दारातून बाहेर पडायचे असताना खिडकीतून उडी मारण्यासारखा तो प्रकार होता. स्पॅनिशच्या ज्या गोष्टी इंग्रजी मुलाला विचित्र वाटतात, त्यांपैकी कितीतरी गोष्टी मराठी मूल आईच्या कडेवर असतानाच शिकलेले असते.

'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे मला आंबा आवडतो. आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस', म्हणजे मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याच्या मागे जाते, 'मला'च्या मागे जात नाही. हे तुमच्या वर्गातील मुलाला कोणी सांगावे लागत नाही, कारण 'मला आंबे आवडतो' असे ते कधीच म्हणणार नाही. इंग्रजी मुलांना या एका ठिकाणी महिनोन्‌महिने अडखळताना मी पाहिले आहे.

दुसरे उदाहरण याहून मजेचे आहे. स्पॅनिशमध्ये 'मी घर पाहतो' हे 'बेओ ला कासा' असे होते, पण 'मी मारियाला पाहतो' म्हणताना मध्ये एक छोटा 'आ' येतो: 'बेओ आ मारिआ'. इंग्रजी पुस्तके या 'आ'साठी स्वतंत्र धडा देतात आणि तरीही मुले तो विसरतात. आपण घर पाहतो, पण मारियाला पाहतो. पुस्तक शोधतो, पण भावाला शोधतो. आपला 'ला' आणि त्यांचा 'आ' जवळजवळ एकाच जागी बसतात. मुलांना मी एवढेच विचारतो की, "मराठीत इथे 'ला' लावशील का?" दहापैकी आठ वेळा उत्तर बरोबर येते. उरलेल्या दोन वेळांचे पुढच्या इयत्तांमध्ये पाहता येईल.

क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळणे, हीसुद्धा आपली रोजची गोष्ट आहे. 'काय करतोस?' यात 'तू' उच्चारावा लागत नाही, तसाच 'आब्लास' (बोलतोस) यात 'तू' दडलेला असतो, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे शेवटी 'स'च आहे. फरक एवढाच की, मराठीत मुलगा 'बोलतो' आणि मुलगी 'बोलते', स्पॅनिशमध्ये दोघेही 'आब्लो'. माझ्या वर्गातील मुली यावर हटकून हरकत घेतात. वडीलधाऱ्यांशी बोलताना तिकडे 'उस्तेद' आहे, सवंगड्यांशी 'तू' आहे. 'तू' हा शब्द तर उच्चारासह आपलाच वाटतो.

विशेषणांकडेही पाहा. आपण पांढरा, पांढरी, पांढरे असे बदलतो, पण 'लाल' आणि 'सुंदर' जसेच्या तसे ठेवतो; म्हणजे शेवटी 'आ' असेल तरच विशेषण वळते. स्पॅनिशमध्ये शेवटी 'ओ' असेल तर ते वळते: तांबड्यासाठी 'रोखो' आणि 'रोखा', पण हिरव्यासाठी दोन्हीकडे 'बेर्दे'. मात्र नामांचे लिंग आपल्यासारखे असेल, अशी अपेक्षा मुलांना लावून देऊ नका. तिकडे नपुंसकलिंगी नामे नाहीत, आणि आपला चांदोबा तिकडे 'ला लुना' म्हणजे बाई होतो. चंद्राला मामा म्हणणाऱ्या पोरांना हे पचायला एक आठवडा लागतो.

उच्चारांच्या बाबतीत तर इंग्रजीपासून मुलांना जपावेच लागते. स्पॅनिशमधील त आणि द हे आपल्याच त-द सारखे दातांना जीभ लावून उच्चारायचे आहेत, आणि क, त, प यांच्यामागे हकाराची फुंकर नाही. हे मराठी मुलाला आपसूक येते. परंतु तेच मूल रोमन लिपीत शब्द पाहिला की इंग्रजीच्या सवयीने 'टोमाटे' म्हणते. फळ्यावर 'तोमाते' लिहिले की पहिल्याच झटक्यात बरोबर म्हणते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पहिली-दुसरीला लिहिणेच नको, तिसरीला देवनागरी, आणि चौथीच्या उत्तरार्धात रोमन. दुहेरी 'र्र' साठी वेगळा सराव करू नका. लहानपणी आपण सगळेच 'भुर्र' गेलो आहोत; 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, हा भेद 'भुर्र'वरून पाच मिनिटांत येतो. 'स' की 'थ' या वादात पडू नका. दक्षिण अमेरिकेत 'ग्रासिआस' म्हणतात, सिस्टरही तसेच म्हणत असतील, तेच ठेवा.

शब्दांची सुरुवात हसण्याने करावी. 'गातो' म्हणजे मांजर. 'सोपा' म्हणजे सूप. आपल्याकडच्या जुन्या घरांत सोपा असतो, हे ज्यांना माहीत आहे, त्यांना वाडग्यातला सोपा फारच आवडतो. 'पान' म्हणजे पाव. 'मामा' म्हणजे आई. काका, मामा, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान या सगळ्यांना मिळून तिकडे एकच शब्द आहे, 'तिओ', आणि यावर माझ्या वर्गातील एका मुलाने "मग लग्नात कोण कुठे उभं राहतं?" असा अत्यंत रास्त प्रश्न विचारला होता. 'काका' या शब्दाचा तिकडचा अर्थ मात्र वर्गात सांगू नका. तो शौचाशी संबंधित आहे, आणि एकदा कळला की पुढचे दोन तास हातातून गेले म्हणून समजा.

टिळकवाडीचा_पालक

वरील प्रतिसाद वाचून आनंद झाला, तरीही मी थोडा विरोधी सूर लावणार आहे. बाईंनी गैरसमज करून घेऊ नये.

माझा मुलगा चौथीत आहे, दुसऱ्या एका शाळेत. घरी आम्ही मराठी बोलतो, पण दुकानावरची मराठी पाटी तो अक्षर अक्षर जुळवून वाचतो, कारण शाळेत त्याला मराठी विषयच नाही. त्याच शाळेने काही वर्षांपूर्वी पहिलीपासून फ्रेंच सुरू केली, माहितीपत्रकावर आयफेल टॉवर छापला, आणि दोन वर्षांनी शिक्षिका लग्न होऊन गेल्यावर तो विषय गुपचूप बंद केला. मुलाजवळ त्यातले 'बोंजूर' तेवढे उरले आहे. म्हणून मी विचारतो की, स्पॅनिशचे दोन तास कोठून काढले? खेळाच्या तासातून, वाचनालयाच्या तासातून, की मराठीच्या?

कर्नाटकात 2015 च्या कायद्याने कन्नड शिकणे सर्व शाळांतून बंधनकारक झाले आहे, आणि ज्या राज्यात आपण राहतो, त्या राज्याची भाषा मुलांना उत्तम यावी, याविषयी माझी तक्रार नाही. दुसरीकडे, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय मिळावी, असे राज्यघटनेचे कलम 350-क सांगते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पॅनिशचे नाव आहे, परंतु ते माध्यमिक स्तरासाठी आहे. या सगळ्याचा अर्थ मला असा दिसतो की, सहा ते दहा या वयात परकीय भाषा शिकवायला हरकत नसली, तरी तशी निकडही कोणी सांगितलेली नाही. आपल्या सीमाभागात एखादी भाषा आत येते, तेव्हा कोणती तरी एक भाषा बाकावरून सरकून बसते, आणि सरकणारी बहुधा तीच असते, जिच्यासाठी शाळेत भांडणारे कोणी नसते.

गोकाकचा_वाचक

माझी मातृभाषा कन्नड आहे. मराठी मी बेळगावात नोकरी करताना शिकलो, त्यामुळे लिहिण्यात चूक झाल्यास सांभाळून घ्यावे.

बाईंनी विचारले आहे की, सर्वांची मातृभाषा मराठी नसताना मराठीचा आधार घेता येईल का. 'मे गुस्ता'च्या बाबतीत तुमच्या कन्नड मुलांची काळजी करू नका. आम्ही 'ननगे माविनहण्णु इष्ट' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'मला आंबा इष्ट'. भूक लागली की 'ननगे हसिवागिदे', तुमच्याकडे 'मला भूक लागली आहे'. म्हणजे 'मला'ने सुरू होणारे वाक्य आपल्या दोन्ही भाषांत आहे आणि नेमके इंग्रजीत नाही. क्रियापदावरून कर्ता ओळखण्याची सोयही कन्नडमध्ये आहे: 'बरुत्तेने' म्हटले की 'मी' सांगावे लागत नाही. आपल्या वर्गांत मराठी आणि कन्नड मूल एकाच बाकावर बसलेले असते. बाईंनी फळ्यावर स्पॅनिश वाक्याखाली दोन्ही भाषांतील वाक्य लिहिले, तर इंग्रजीची पायरी कोणालाच चढावी लागणार नाही. बाईंना कन्नड लिहिता येत नसेल, तर मुले सांगतील.

एक सावधगिरीची सूचना. भुकेसाठी स्पॅनिशमध्ये 'मला' चालत नाही. तिथे 'तेंगो आम्ब्रे' आहे, म्हणजे 'माझ्यापाशी भूक आहे'. कन्नडमध्ये तेंगु म्हणजे नारळ. माझ्या पुतणीला मी हे वाक्य सांगितले, तेव्हा तिला त्यात एक नारळ आणि एक आंबा ऐकू आला, आणि तिचे म्हणणे असे पडले की, एवढे खाल्ल्यावर भूक कशी राहील.

उर्दू बोलणाऱ्या मुलांचाही उपयोग करून घ्या. स्पॅनिशमधला घशातून घासून येणारा 'ख' ना मराठीत आहे, ना कन्नडमध्ये. आपल्या भागातील दखनी बोलणारी मुले मात्र लेखणीला 'ख़लम' म्हणतात. तो उच्चार त्यांच्याकडून इतरांना शिकू द्या. वर्गात एरवी मागे राहणाऱ्या मुलाला एक दिवस पुढे येऊन शिकवायला मिळेल.

कॅम्पातला_दोमिंगो

मी आमच्या चर्चमध्ये रविवारी लहान मुलांना धर्मशिक्षण देतो. घरची भाषा कोकणी, शिक्षण मराठीत झाले. प्रार्थनेच्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यावर अजून कोणी बोललेले नाही.

पाठ असलेल्या मजकुरातून नवी भाषा शिकणे, हा जुना आणि चांगला मार्ग आहे. ख्रिस्ती मुलाला क्रुसाच्या खुणेचा अर्थ आधीच ठाऊक असतो. 'एन एल नोम्ब्रे देल पाद्रे, इ देल इखो, इ देल एस्पीरितु सांतो' ऐकताच कोणता शब्द म्हणजे पिता आणि कोणता पुत्र, हे त्याला विचारावे लागत नाही. प्रभूच्या प्रार्थनेत स्पॅनिश माणूस देवाला 'तू' म्हणतो, आपणही 'तू'च म्हणतो, हेही मुलांना जवळचे वाटते. परंतु हा सगळा लाभ ज्याला प्रार्थना आधीच येते, त्यालाच आहे. ज्या मुलाच्या घरी ती नाही, त्याच्यासाठी ती नुसती न समजणाऱ्या शब्दांची माळ होते, आणि भाषेचा तास म्हणून तिचा उपयोग शून्य राहतो.

दुसरा भाग कायद्याचा आहे. राज्यघटनेच्या कलम 28 च्या तिसऱ्या खंडानुसार, शासनमान्य किंवा अनुदानित शाळेतील कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. सिस्टरांना हे ठाऊक असणारच. माझी सूचना अशी आहे की, प्रार्थना धर्मशिक्षणाच्या तासाला ख्रिस्ती मुलांना शिकवावी आणि तीच मुले ती नाताळला म्हणतील. स्पॅनिशच्या तासाला मात्र सगळ्यांचे असावे, असेच काही घ्यावे.

असे पुष्कळ आहे. वार घ्या. इंग्रजीत वारांची नावे घोकावी लागतात, पण स्पॅनिशमध्ये 'लुनेस' चंद्राचा, 'मार्तेस' मंगळाचा, 'मिएर्कोलेस' बुधाचा, 'खुएबेस' गुरूचा आणि 'बिएर्नेस' शुक्राचा. सोमवार ते शुक्रवार ग्रह एकास एक जुळतात. शनिवारी 'साबादो' हा यहुद्यांच्या विश्रांतिदिनावरून येतो, आणि रविवार 'दोमिंगो' म्हणजे प्रभूचा दिवस. माझे टोपणनाव त्यावरूनच आहे. आमच्या आजोबांचे नाव तेच होते आणि त्याचा अर्थ मला वयाच्या चाळिसाव्या वर्षी कळला.

घरातल्या वस्तू घ्या. आपल्या मराठीत पोर्तुगिजांच्या मार्गाने आलेले शब्द स्पॅनिशच्या सख्ख्या चुलतभावंडांसारखे आहेत. बादली म्हणजे 'बाल्दे', बिजागरी म्हणजे 'बिसाग्रा', तंबाखू म्हणजे 'ताबाको' (निपाणीच्या मुलांना हा आधी सांगावा), पगार आला तो 'पागार', म्हणजे पैसे देणे, यातून. चावी तेवढी वेगळी दिसते, 'याबे', कारण पोर्तुगीजमध्ये जिथे 'श' किंवा 'च' आहे, तिथे स्पॅनिशमध्ये पुष्कळदा 'य' उच्चारला जातो. बटाटा, टोमॅटो, पपई, चॉकलेट हे तर बाजाराच्या पिशवीतच आहेत. पहिल्या महिन्याचा शब्दसंग्रह मंडईत फिरूनच होईल.

आणि झेवियर. दर डिसेंबरच्या 3 तारखेला आपण ज्यांचा सण पाळतो, ते संत फ्रान्सिस झेवियर 1506 साली नवार प्रांतातील खाबिएर या गढीत जन्मले आणि 1542 साली गोव्यात उतरले. त्यांच्या गावाचे नाव स्पॅनिश माणूस 'खाबिएर' असेच उच्चारतो. वर्गात एखादा झेवियर असेल, तर वरच्या प्रतिसादात सांगितलेला घासून येणारा 'ख' त्याच्या नावापासूनच सुरू करता येईल. जुन्या गोव्याची सहल मुलांनी केलेली असतेच. नावामागे माणूस दिसला की उच्चार लक्षात राहतो.

नाताळसाठी प्रार्थनेऐवजी 'पिन्याता' करून पाहा. मेक्सिकोत नाताळच्या दिवसांत रंगीत कागदांनी मढवलेले, आत खाऊ भरलेले मडके उंच टांगतात आणि डोळे बांधलेली मुले ते काठीने फोडतात. आपल्या मुलांना हंडी काय असते, हे शिकवावे लागत नाही. 'उनो, दोस, त्रेस' मोजत फोडा. आकडे, रंग, खाऊची नावे सगळे त्यात येईल, आणि कोणाच्याही पालकांची चिठ्ठी येणार नाही.

शहापूरच्या_बाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टिळकवाडीच्या पालकांच्या प्रश्नाला आधी उत्तर देते, कारण त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मी स्वतःला विचारायला हवा होता. मी वेळापत्रक काढून पाहिले. दोन्हींपैकी एक तास चित्रकलेतून गेला आहे आणि दुसरा तास गेल्या वर्षीपर्यंत तिसरी-चौथीला असलेल्या मराठी गोष्टींच्या तासाचा होता. तो विषय परीक्षेचा नव्हता, त्यामुळे तो गेल्याची कोणी दखलही घेतली नाही. मीही घेतली नाही, आणि मी मराठी आहे.

काल सिस्टरांशी बोलले. मी त्यांना सांगितले की, स्पॅनिश शिकवताना मुलांचे मराठी आणि कन्नड हेच माझे साधन आहे आणि ते साधन बोथट होऊ दिले, तर स्पॅनिशही येणार नाही. त्यांना हे पटायला वेळ लागला नाही. पेरूतील डोंगराळ भागात केचुआ बोलणाऱ्या मुलांना शाळेत एकदम स्पॅनिशमध्ये बसवले की काय होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे, असे त्या म्हणाल्या. गोष्टींचा तास पुढच्या आठवड्यापासून परत मिळत आहे. स्पॅनिश दोनाऐवजी दीड तासिका होईल: एक पूर्ण तासिका, आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत पंधरा-वीस मिनिटे खेळ. प्रार्थना धर्मशिक्षणाच्या तासाला गेली. पिन्याता मान्य झाला, पण काठी कोण धरणार, यावर शिपाईमामांशी चर्चा चालू आहे.

परीक्षेबाबत मी आधी विचारायचे विसरले होते. काही पालक प्रमाणपत्राची मागणी करीत आहेत. इन्स्तितुतो सेर्वांतेस या स्पेन सरकारच्या संस्थेच्या 'देले' या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेविषयी त्यांनी ऐकले आहे.

एक मतभेद मात्र नोंदवते. 'चोर्ला मार्गे' यांनी तिसरीला देवनागरी सुचवली, ती मी दोन तास वापरून पाहिली. 'तोमाते' आणि 'पातो' उत्तम आले. परंतु 'पापा' लिहिल्यावर घोटाळा झाला. पोप म्हणजे 'पापा', वडील म्हणजेही 'पापा', आणि बटाट्यालाही तिकडे 'पापा' म्हणतात. फरक फक्त कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा, याचा आहे, आणि तो जोर देवनागरीत दाखवायचा कसा, हे मला सुचले नाही. मराठीत शब्दावर असा जोर नसतो, त्यामुळे मुलांच्या कानालाही तो लागत नाही. त्यातून एका मुलाने "आम्ही घरी पापा म्हणजे गालावर देतात तो" असे सांगून वर्ग डोक्यावर घेतला.

चोर्ला_मार्गे

गोष्टींचा तास परत मिळाला, हे वाचून बरे वाटले. टिळकवाडीच्या पालकांचा मुद्दा मी हसत हसत ओलांडून पुढे गेलो होतो, ते चुकलेच.

'देले'ची शालेय आवृत्ती 11 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी आहे. पहिली ते चौथीच्या मुलांना ती देताच येत नाही, एवढे पालकांना सांगितले की विषय संपतो. वहीत गुण देऊ नका, तोंडी परीक्षाही घेऊ नका.

जोराच्या बाबतीत तुमचे म्हणणे खरे आहे आणि देवनागरीची ती मर्यादा मी मान्य करतो. मी त्या अक्षरावर रंगीत खडूने तिरकी रेघ मारतो, रोमनमध्ये जशी असते तशीच, आणि वर्गाला त्या अक्षरावर टाळी वाजवायला लावतो. पोप आणि बटाटा यांना पहिल्या 'पा'वर टाळी, वडिलांना दुसऱ्या 'पा'वर. पोप आणि बटाटा यांची टाळी एकच आहे, हे मुलांच्या लक्षात येईल तेव्हा जो हशा होईल, तो सिस्टरांच्या खोलीपर्यंत जाईल, म्हणून दार आधी लावून घ्या. चौथीत रोमन लिपी आली की तिरकी रेघ मुलांच्या ओळखीची असेल आणि देवनागरी आपोआप गळून पडेल. 'पापा'च्या चौथ्या, म्हणजे गालावरच्या, अर्थासाठी टाळी कोठे मारायची, हे माझ्या वर्गातही अजून ठरलेले नाही.